‘जात’ या रकान्यापाशी अडलेला परवाना

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून बुंदी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी आली, तेव्हा ती नऊ आठवड्यांची होती. सासूबाईंना दिवसभर सोबत असावी म्हणून आणलेले हे माल्टीपू पिल्लू, म्हणजे माल्टीज आणि पूडल यांचा संकर. पिल्लू रुळले, लसी वेळेवर झाल्या. अडले ते केवळ कुत्रा पाळण्याच्या महापालिकेच्या परवान्यापाशी, आणि त्या चार खेपांची चीड अजून ओसरलेली नाही.

अर्ज एका पानाचा होता. मालकाचे नाव, पत्ता, कुत्र्याचे वय, रंग, रेबीजच्या लशीची तारीख हे सगळे मी खिडकीपाशी उभ्यानेच भरले आणि ‘जात’ या रकान्यात ‘माल्टीपू, संकरित’ असे लिहिले. खिडकीमागच्या गृहस्थांनी त्या शब्दावर पेन टेकवले आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला. “मॅडम, ही जात आमच्या यादीत नाही. केनेल क्लबचे सर्टिफिकेट जोडा.” केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातीच्या कुत्र्यांची वंशावळ नोंदवतो, दोन जातींच्या संकरातून झालेल्या पिल्लाला तसे प्रमाणपत्र मिळतच नाही, हे मी शांतपणे समजावून सांगितले. त्यावर उत्तर आले, “मग गावठी लिहून टाका, कोण बघतंय!” ज्या कागदाखाली माझी सही जाणार, त्यावर चुकीची माहिती लिहायला मी तयार नव्हते. उद्या कुत्री हरवली, तर तिची ओळख पटवायला हाच कागद पुढे करावा लागणार होता.

दुसऱ्या खेपेला संबंधित साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला त्याच गृहस्थांनी ‘पूडल’ लिहा असे सुचवले. मी नाइलाजाने मान डोलावली, तर लगेच पूडलच्या वंशावळीचा दाखला मागितला. दर वेळी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढायची, उन्हात स्कूटर लावायची आणि तोच अर्ज तसाच घडी घालून परत आणायचा. इकडे सोसायटीचे सचिव महिनाअखेरीस परवान्याची प्रत द्या म्हणून रोज जिन्यात विचारत होते. असे चोवीस दिवस गेले.

या रकान्याचा आग्रह मला पटत नव्हता, याचे कारण पिल्लातच होते. पहिल्या पिढीच्या संकरात एकाच विणीतली पिल्लेही सारखी निपजत नाहीत. एकाचे केस माल्टीजसारखे सरळ आणि रेशमी होतात, दुसऱ्याचे पूडलसारखे कुरळे. स्वभावाचेही तेच. बुंदीत पूडलची तल्लख बुद्धी आहे, शिकवलेले दोन दिवसांत पाठ होते, आणि माल्टीजचा लळाही आहे, त्यामुळे सासूबाई देवघरात गेल्या की ती उंबऱ्यावर पुढचे पाय ठेवून बसते. दुसऱ्या माल्टीपूत हे प्रमाण उलट असू शकेल. म्हणून पिल्लू घेताना जातीच्या नावापेक्षा आईबापांना प्रत्यक्ष पाहावे, निदान आई माणसांत मिसळते का हे तरी पाहावे.

अखेर मार्ग आमच्या डॉक्टरांनी काढला. त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: मादी, मिश्र जात (माल्टीज आणि पूडल), रंग फिकट जर्दाळू, वजन अडीच किलो, रेबीजची लस दिल्याचा दिनांक, खाली नोंदणी क्रमांक आणि शिक्का. चौथ्या खेपेला मी खिडकीवर न थांबता थेट साहेबांची भेट मागितली. त्यांनी ते पत्र वाचले, लसीकरणाची पुस्तिका पाहिली, ‘जात’ या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘मिश्र’ असे लिहिले आणि सही केली. पाच मिनिटांचे काम! बाहेर येऊन मी स्कूटरपाशी नुसतीच उभी राहिले. इतके हलके वाटत होते. ज्यांचे पिल्लू संकरित आहे त्यांनी असे पत्र पहिल्याच दिवशी सोबत न्यावे.

एक गोष्ट खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. आपल्या सांगली-तासगाव भागात घरोघरी बेदाणा असतो, पाहुण्यांसमोरही वाटीत ठेवला जातो. पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत, त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती दाणे सुरक्षित याचा भरवशाचा हिशेब नाही. अडीच किलोच्या जिवाला तर फारच थोडे पुरतात. चुकून खाल्ले तर उलटी होण्याची किंवा लक्षणे दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे धाव घ्यावी. आमच्याकडे बेदाण्याचा डबा आता वरच्या फळीवर असतो.

केसांविषयीही लिहायला हवे. हे केस फारसे गळत नाहीत, म्हणून लोकांना सोपे वाटते. पण न गळणारे केस वाढत राहतात आणि आतल्या आत गुंततात. एका रात्री स्टीलचा कंगवा बुंदीच्या उजव्या कानामागे अडकला आणि ती कळवळली. वरून मऊ दिसणाऱ्या केसांखाली सुपारीएवढी घट्ट गाठ झाली होती, तिच्याखालची कातडी लाल पडली होती. तेव्हापासून कानांमागे, काखेत आणि पट्ट्याखाली रोज मुळापर्यंत कंगवा फिरवते, आणि आंघोळीआधी गुंता सोडवते, कारण ओल्या गाठी अधिकच आवळतात. एकटे राहण्याची सवयही पाच-पाच मिनिटांपासून लावावी लागली. सासूबाई देवळात गेल्या की ती दाराशी रडत असे.

परवान्याची मुदत एक वर्षाची आहे आणि नूतनीकरणाला रेबीजची लस चालू असल्याचा पुरावा लागतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लशीची तारीख लाल पेनाने लिहिली आहे, आणि डॉक्टरांच्या पत्राच्या तीन झेरॉक्स पुस्तिकेच्या मागच्या खिशात ठेवल्या आहेत.