टेबल सॉ घेताना आधी फेन्स बघा

‘फर्निचरसाठी टेबल सॉ कोणता घेऊ?’ असं विचारणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा या टेबलातून वर आलेल्या पात्याच्या करवतीच्या मोटरवर असतं. तुम्ही विचारलंत म्हणून ठामपणे सांगते: आधी फेन्स बघा, म्हणजे फळी ज्याला टेकवून पात्याकडे सरकवतात तो सरळ कठडा.

प्लग काढून पात्याच्या एका दात्यावर खूण करा. फेन्स 300 मिमीवर लॉक करा आणि तोच दाता आधी पुढे, मग मागे आणून फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. फेन्स सरकवून, पुन्हा लॉक करून चार-पाचदा हेच करा. दर वेळी सारखाच फरक आला तर तो स्क्रूने काढता येतो. दर वेळी वेगळा आला, तर ते मशीन सोडून द्या. मागचं अंतर कमी असेल तर लाकूड पातं आणि फेन्समध्ये अडकतं, कड जळते आणि मागून वर येणारे दाते फळी थेट तुमच्या अंगावर फेकतात.

दुसरी गोष्ट रिव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पातळ पट्टी. ती पात्याबरोबर वर-खाली झालीच पाहिजे. सागवानाच्या फळीत ताण असेल तर चिरताना फट मागे मिटू लागते; ती उघडी ठेवणं हे या पट्टीचं काम. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त आणि कापाच्या रुंदीहून कमी हवी. 2.8 मिमीच्या नाइफपुढे 2.4 मिमी काप देणारं पातं लावलं, तर फळी तिथेच अडते. साइटवर कटर मशीन प्लायखाली उलटं बसवून जो टेबल करतात, त्यात नाइफही नसते आणि गार्डही, म्हणजे पात्यावरचं झाकणही. तो वापरू नका.

वॉर्डरोबची बाजू साधारण 600 मिमी खोल असते, म्हणून फेन्स किमान 610 मिमीपर्यंत जायला हवा. अख्खी 8 बाय 4 ची शीट मात्र छोट्या टेबलावर चढवू नका. आधी हातकटरने तुकडे करा.

आता मोटर. प्लाय आणि इंचभर जाडीच्या फळ्यांना पोर्टेबल मशीन पुरतं, आवाज मात्र फार. रोज दोन इंची सागवान चिरायचं असेल तर 3 हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर घ्या. तिच्यासाठी स्वतंत्र लाइन लागते. सुरू होताना ती बराच जास्त करंट ओढते, त्यामुळे एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) सी किंवा डी कर्व्हची, म्हणजे सुरुवातीचा हा करंट सोसणारी हवी.

पात्यांसाठी पैसे राखून ठेवा: 10 इंची पात्यात उभ्या चिरण्याला 24 दाते, आडव्या कापाला 60, मायका लावलेल्या प्लायला 80. मायका वर ठेवून कापा, कारण दाते खालच्या बाजूने बाहेर पडतात आणि चिपा तिथेच उडतात. दोन्ही बाजूंना मायका असेल तर स्कोअरिंग पातं (खालच्या बाजूला आधी उथळ चीर देणारं छोटं पातं) असलेल्या पॅनेल सॉवरून, म्हणजे मोठ्या शीट कापायच्या मशीनवरून कापून आणा.