रकाना कोरा होता

नाशिकमध्ये एका दत्तक संस्थेत सोशल वर्कर आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, कायद्याचंही तेच बंधन आहे.)

मागच्या वर्षी गंगापूर रोडहून एक मुलगी आईला घेऊन आली, तान्ही असताना आमच्याकडूनच दत्तक गेलेली, आता तिशीला टेकलेली. छातीत गाठ निघाली, डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाला होतं का, आणि दोघी गप्प. आईच म्हणाली, "मॅडम, भेट नको हो कुणाची, आजारपणाचं तेवढं कळू दे."

अठरा पूर्ण झाली की रूट सर्चचा, म्हणजे आपल्या जन्माची मुळं शोधायचा, अर्ज स्वतः करता येतो, त्याआधी आईवडिलांसोबत. तिसऱ्या माणसाला काही मिळत नाही, सख्खी मावशी आली तरी चहा पाजून परत. फाईल काढली तर वजन, लसी, कोर्टाची ऑर्डर (2022 पासून जिल्हाधिकारी देतात) सगळं जागेवर, फक्त घरातल्या आजारांचा रकाना कोरा. आणि जन्मदात्रीने लिहून दिलेलं, नाव कुणाला सांगू नये. म्हणजे आधी तिची संमती.

पत्ता लागला पण तिचं लग्न झालेलं, सासरी कुणाला पत्ता नाही, पत्र टाकलं असतं तर तिचा संसारच उठला असता. माहेरी यात्रेला आली तेव्हा एसटी स्टँडवर एकटीला गाठलं. आधी म्हणाली, "तुमची माणूस चुकली ताई." मी गाठीचं बोलले तशी पिशवी खाली ठेवून बाकड्यावर बसलीच. "माझ्या आईला तेच होतं, त्यातच गेली. मावशीलाही. एवढं सांगा तिला, माझं नाव नको." आणि बस लागली तशी पळाली.

डॉक्टरांनी त्यावर पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. मुलीने मात्र मला विचारलं, "मला भाऊबहीण आहेत का?" मला माहितीये, पण संमती आजारापुरतीच होती. चिडली माझ्यावर, आणि तिचं तरी काय चुकलं म्हणा.

मला एवढंच कळत नाही की नाव झाकायचं तर आजार कशाला झाकायचे? आता बाळ सरेंडर केल्यावर आईला निर्णय बदलायला 60 दिवस मिळतात, त्या काळात मी आजी-मावशीपर्यंतचे आजार विचारून लिहून घेते. सिनिअर म्हणतात कशाला बिचारीला छळतेस. विचारतेच मी.