निकालाआधी एक तास फोनवर

इंग्लंडच्या कोर्टाने मला कळवलं की न्यायाधीशांसमोर जाण्याआधी समोरच्या पक्षाशी तडजोडीचा प्रयत्न करावाच लागेल. तुमची इच्छा असो वा नसो. कोर्टाच्या मध्यस्थाच्या फोनवर हजर राहिला नाहीत, तर दंड, खर्च, अगदी दावा फेटाळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. माझा संताप झाला. पैसे घेऊन अर्धवट ओटा सोडून गेला तो कंत्राटदार, आणि समजूतदारपणा दाखवायचा मी?

दावा 2,600 पौंडांचा. आधी रीतसर नोटीस, मग ऑनलाइन अर्ज आणि 115 पौंड फी. वकील नाही. 10,000 पौंडांपर्यंतच्या दाव्यात जिंकलात तरी वकिलाची फी सहसा परत मिळत नाही, म्हणून माणसं स्वतःच कागद भरतात. हे मला मनापासून आवडलं.

आणि तो फोन! मध्यस्थबाई कोर्टाच्याच कर्मचारी, सेवा मोफत, वेळ एक तास. आम्हा दोघांना एकमेकांचा आवाजही ऐकू येत नव्हता. त्या माझ्याशी बोलायच्या, मग त्याच्याशी, मग पुन्हा माझ्याशी. मी फोटो, पावत्या, मेसेज सगळं मांडून बसलो होतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. तुम्हाला किती रकमेवर हे संपवायला चालेल?" मला तर कोणीतरी म्हणायला हवं होतं की चूक त्याची आहे. त्या तासात ते कोणीच म्हणालं नाही. इथे बोललेलं न्यायाधीशांपर्यंत जात नाही, एवढी हमी मात्र होती. त्यामुळेच असेल, तो 1,900 वर आला आणि मी हो म्हटलं. दोन हप्त्यांत पैसे आले.

ही सक्ती इथे नवी आहे. 2004 च्या हॅल्सी खटल्यापासून समज असा होता की कोर्ट मध्यस्थीचा आग्रह धरू शकतं, जबरदस्ती करू शकत नाही. वेल्समधल्या मर्थर टिडफिल नगरपालिकेच्या जमिनीवरून जपानी नॉटवीड नावाचं चिवट तण शेजारच्या आवारात शिरलं, तो वाद अपील कोर्टात गेला आणि 2023 मध्ये निकाल लागला की कोर्ट पक्षकारांना आधी तडजोडीकडे पाठवू शकतं, फक्त खटल्याचा मूळ हक्क हिरावला जाता कामा नये. 2024 पासून लहान रकमांच्या दाव्यांत हा फोन सक्तीचा झाला.

आता इथले लोक याचं फार कौतुक करतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. आपल्याकडे व्यापारी दाव्यांत, तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर, आधी मध्यस्थी करा ही अट 2018 मध्येच आली. लोकअदालतीचा कायदा 1987 चा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते. आपल्या गावांत 2007 पासून तंटामुक्त समित्या बसल्या. लोकअदालतीत एका दिवशी ढीगभर प्रकरणं उरकतात हे मान्य, पण इथेही लहान दाव्याची सुनावणी व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. 2025 मध्ये यांच्याच संसदीय समितीने, असे दावे जिथे चालतात त्या काउंटी कोर्टाची व्यवस्था कोलमडल्याचं लिहून ठेवलं. तारखांवरून टोमणे फक्त आपणच का ऐकायचे?

साताऱ्याहून दादा म्हणाला, "म्हणजे पडतं घेतलंस." नाही घेतलं. पुढे जाऊन जिंकलो असतो, तरी वसुली कोर्ट आपणहून करत नाही. बेलिफसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि त्या माणसाच्या नावावर काही सापडायला हवं. सातशे पौंडांसाठी आणखी वर्षभर त्याचं नाव डोक्यात घेऊन झोपायची माझी तयारी नव्हती.

तुमची मुलं इंग्लंडला शिकायला येत असतील आणि खासगी घर भाड्याने घेणार असतील, तर एक सांगून ठेवा. घरमालक त्याच घरात राहत नसेल, तर त्याने डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायला हवं. नाही ठेवलं तर कोर्ट त्याला एक ते तीन पट रक्कम द्यायला लावू शकतं. घर सोडताना वाद झाला आणि दोघेही तयार असले, तर तीच योजना कागद आणि फोटो पाहून फुकटात निर्णय देते. म्हणून किल्ली हातात आली त्याच दिवशी भिंती, गादी, शेगडी, सगळ्यांचे तारखेसह फोटो काढायला सांगा.