खुरांची नोंदवही : पावसाळा ते दिवाळी

मेपासूनची नोंद आज एकदम टाकतोय. मध्ये श्रावण झाला, चवथ झाली, त्यामुळे चुलीवर चढलं कमी आणि वाचून झालं जास्त. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात : राहायला फोंड्याला, घर मटण-मासे खाणारं पण सोमवार-गुरुवार पाळणारं, आणि छंद एकच. खुरांच्या जनावरांचं मांस जगात कुठे कसं शिजवतात ते वाचायचं आणि आपल्या बाजारात मिळेल त्या मालावर, आपल्या भांड्यांत करून बघायचं. सांबर, हरीण, रानडुक्कर यांची चौकशी कोणी करू नये, त्यासाठी १९७२चा वन्यजीव कायदा आहे. गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. तो सत्तरीत कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, उतरला तर लांबून बघावा आणि घरी यावं.

यंदाचा विषय मसाला नाही, चरबी.

प्राणिशास्त्रात खुरवाल्यांचे दोन गट, समखुरी आणि विषमखुरी. बकरा, मेंढा, गाय, म्हैस, डुक्कर एकीकडे, घोडा दुसरीकडे. स्वयंपाकघरात ही वाटणी फारशी कामाची नाही. तिथे विचारायचं ते एवढंच, की जनावर रवंथ करतं की नाही. रवंथ करणाऱ्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जिवाणूंचा कारखाना असतो. चाऱ्यातली असंपृक्त मेदाम्लं तिथे हायड्रोजन जोडून बरीचशी संपृक्त होतात, आणि म्हणून बकऱ्या-मेंढ्याची चरबी घट्ट. ती पुरती वितळायला ४५ अंशांच्या पुढे जावं लागतं. आपलं तोंड ३७ अंशांचं, म्हणून गार झालेलं मटण टाळूला चिकटतं. डुक्कर आणि घोडा रवंथ करत नाहीत. खाल्लेलं तेल-तूप त्यांच्या अंगावर बरंचसं जसंच्या तसं उतरतं. त्यांची चरबी मऊ, तिशी-चाळिशीतच ढिली पडणारी. कझाकस्तानात घोड्याच्या मांसाचे जाड सॉसेज उकडून, गार करून, कापून ताटात मांडतात. मेंढ्याच्या चरबीचा तसा काप कोणी पुढे केला तर मी हात जोडीन.

खात्री म्हणून दोन्ही चरब्या कढवून स्टीलच्या ताटलीत एकेक थेंब टाकला. बकऱ्याचा थेंब आधी कडेला पांढरा झाला, मग ती कडा आत सरकत गेली, आणि शेवटी मधला पारदर्शक ठिपका मिटला. नखाने ढकलला तर सबंध चकती निघून आली. डुकराचा थेंब बराच वेळ तसाच चकाकत राहिला, नंतर दुधाळ झाला, पण बोट लावलं की पसरायचा. पंखा बंद, खिडकीबाहेर जूनचा पाऊस.

डुकराचा थेंब शेजारच्या आंटीच्या घरचा. आमच्या घरात डुक्कर शिजत नाही, म्हणून तो सगळा अभ्यास तिच्या ओट्यावर होतो, तिच्या अटींवर. सोरपोतेल करताना ती मांस, काळीज वगैरे आधी अर्धवट उकडते, मग शेंगदाण्याएवढे तुकडे करते, चरबीत परतते, मग माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात वाटलेला मसाला. चव घ्यायला चमचा पुढे केला तर म्हणाली, "आज खावपाचें न्हय बाब, परवां खा." आंबटपणा मुरायला दोन दिवस लागतात, हे कारण आहेच. पण मला आता असंही वाटतं, की असा पदार्थ दिवसचे दिवस थोडा थोडा काढून खायची रीत डुकरातच बसू शकते. चरबी मऊ असल्यामुळे जरासं गरम केलं तरी पुरतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेल्या चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या, माळाही त्याच न्यायाच्या : मीठ, मिरची, लसूण, व्हिनेगर, ऊन-धूर, आणि मांसाबरोबर मुद्दाम ठेवलेले चरबीचे तुकडे.

वाइन किंवा व्हिनेगर आणि लसूण यांत डुक्कर मुरवायची पद्धत पोर्तुगीजांची, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ती आणखी कुठे पोचली ते बघताना मजा आली. मदेइरा बेटावर नाताळात हेच मांस पावाबरोबर खातात. एकोणिसाव्या शतकात मदेइराचे मजूर दक्षिण अमेरिकेतल्या गयानात गेले, तिथेही नाताळच्या सकाळी लसणीचं डुक्कर ठरलेलं. गोव्यात माडाची सूर हाताशी होती, तर वाइन मागे पडली आणि मिरची-जिऱ्याचं वाटण आलं. पद्धत कितीही फिरली तरी जनावर बहुतेक ठिकाणी डुक्करच राहिलं आहे.

आता बकऱ्याकडे. पोर्तुगालच्या मध्य भागात, कोइंब्राच्या आसपास, म्हाताऱ्या शेळीचा एक पदार्थ आहे, शान्फाना. लाल वाइन, लसूण, तमालपत्र, गोड लाल मिरचीची पूड, आणि मातीच्या भांड्यात लाकडाच्या पावभट्टीत तासन्‌तास. गोव्यात राहून पावभट्टी शोधायची म्हणजे काय कठीण! गावच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारलं, रात्रीचे पाव निघाल्यावर भट्टी निवत असते त्यात हंडी ठेवू का. त्याने आधी हंडी हातात घेऊन टिचकी मारून बघितली, मगच हो म्हणाला. डिचोलीच्या कुंभाराची जाड बुडाची हंडी, झाकणाला कणकेची पट्टी. वाइनबद्दल एक सूचना : गोव्याच्या दुकानांत पोर्ट म्हणून मिळते ती गोड असते, ती घेऊ नका. मी नाशिकची कोरडी लाल वापरली. मांस खांदा आणि नळी, सगळं हाडासकट.

सकाळी झाकण काढलं तेव्हा रस्सा जवळजवळ काळा, मांस हाडावर नुसतं टेकलेलं. तेव्हाच न खाता हंडी फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी वर पांढऱ्या चरबीची जाड चकती धरली होती. ती उचलून टाकली आणि वासाचा उग्रपणा तिच्याबरोबर गेला. बकऱ्या-मेंढ्याचा तो खास वास येतो काही शाखित मेदाम्लांमुळे, म्हणजे मुख्यतः चरबीतूनच. पोर्तुगालमध्येही हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला मानतात. मी तो पुन्हा कढत करून वाढला, ताटल्यासुद्धा आधी गरम पाण्यातून काढून.

ताटल्या गरम करायची सवय नॉर्वेची. तिथला फोरिकोल हा राष्ट्रीय पदार्थ मानतात. मेंढ्याचं मटण आणि कोबी वजनाला साधारण सारखे, अख्खी मिरी, मीठ, पाणी, थोडा मैदा, थरावर थर लावून दोन-अडीच तास मंद आचेवर. संपलं. त्याचा दिवस सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार. आमच्याकडे एक तर गुरुवार, त्यात त्या सुमाराला पितृपक्ष नाहीतर नवरात्र, म्हणून दसरा उलटल्यावर रविवारी केला. बायकोने पातेल्यात डोकावून विचारलं, "फोडणी विसरलात का हो?" खरं तर या पदार्थात आपल्या बाजूचं एक वाण आहेच. एवढ्या थंड देशाचा राष्ट्रीय पदार्थ आणि सगळी भिस्त मिरीवर, जी आमच्याकडे कुळागरात पोफळीवर चढलेली असते. मी सावईवेऱ्याची नवी मिरी घेतली, मूठ सैल सोडून. चव सौम्य, कोबी गोड, मिरी दाताखाली आली की बरं वाटतं. पण मेंढा इथे मिळत नाही, आपला बकरा अंगाने सडपातळ, त्यामुळे कोबीला जी चरबी प्यायला हवी ती कमी पडते. पुन्हा करीन तेव्हा चापेबरोबर थोडी चरबी खाटकाकडून वेगळी मागून घेईन.

इथे आपल्या शागोतीबद्दल, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातल्या मटणाबद्दल, एक अंदाज मांडतो, पटतो का बघा. खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात ते सुटतं, बकऱ्याच्या घट्ट चरबीत मिसळतं, आणि मिश्रण एकट्या चरबीपेक्षा मऊ राहतं. म्हणून शागोती कोमट झाली तरी वड्याबरोबर चालते, फोरिकोल चालत नाही. खसखस, दगडफूल, जायफळ यांचं कौतुक आपण पुष्कळ करतो. खोबऱ्याच्या या कामाबद्दल कोणी बोलत नाही.

शेवटी पाये, आणि तिथे माझ्या नियमाला टांग बसली. आर्मेनिया-जॉर्जियात थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी खाश खातात. मूळ गाईगुरांच्या पायांचं. रात्रभर मीठ न घालता शिजवतात, मग ज्याने त्याने आपापल्या वाडग्यात मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा, वाळलेला लवाश (तिकडची पातळ रोटी) कुस्करून टाकायचा. मी बकऱ्याचे पाये भाजून, खरवडून मंद आचेवर ठेवले, आणि लवाशच्या जागी पोदेराचं कांकण, म्हणजे बांगडीसारखा कडक पाव, कुस्करलं. फारच जमलं. तिकडे सोबत व्होडका असते. सकाळी आठ वाजता फेणीची बाटली काढायची माझी छाती झाली नाही.

उरलेला रस्सा फ्रीजमध्ये थरथरत्या वडीसारखा धरला, तो कोलॅजनच्या जिलेटीनमुळे. गंमत वर होती. तरंगलेली थोडी चरबी फ्रीजबाहेर काढताच पातळ व्हायला लागली, शान्फानाच्या चकतीसारखी टणक नव्हती. वाचलं तर कारण सापडलं : जनावराचे पाय धडापेक्षा थंड असतात, तिथली चरबी गोठून चालणार नाही, म्हणून ती जास्त असंपृक्त, म्हणजे थंडीतही मऊ राहणारी. गुरांच्या नळ्या-पायांतून काढलेलं तेल चामडं मऊ ठेवायला वापरतात ते याचसाठी. म्हणजे रवंथ करणारं जनावरही खाली खुरापर्यंत सारखं नसतं. पाये गार झाले तरी ओठांना चिकटतात ते जिलेटीनने, चरबीने नाही. दोन्ही चिकटपणे वेगळे ओळखता यायला लागले, ही यंदाची कमाई.

पुढे मंगोलियाचा खोरखोग. डब्यात मटण, बटाटे, गाजरं यांच्या थरांमध्ये तापवलेले गुळगुळीत दगड घालून झाकण लावायचं, वाफ आणि दगड मिळून शिजवतात. जेवणाआधी ते तुपकट गरम दगड एकमेकांच्या हातात फिरवतात, तब्येतीला चांगले म्हणून. आपला जांभा यासाठी नको. सच्छिद्र असतो, आत पाणी धरतो, आचेवर तडकला तर डोळे जायचे. पाट्या-वरवंट्याचा असतो तसा घट्ट काळा दगड हवा, आणि तोही आधी बरेच दिवस उन्हात ठेवून. सत्तरी-वाळपईकडे कोणाला मुठीएवढे, कोरडे, तुळतुळीत असे मिळत असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. जून शेळीचं मांस नेमाने देणारा खाटीक कोणाच्या ओळखीत असेल तर तेही.