निफाडच्या थंडीत कोंबड्या सांभाळताना: माझा अनुभव

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि कोंबडीवाले शेडचे पडदे जमिनीपासून पत्र्यापर्यंत आवळून घेतात. हिवाळ्यातली बरीचशी दुखणी तिथूनच सुरू होतात, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या कोंबडीला कोरडी थंडी फारशी बाधत नाही. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास, वर पिसांचं पांघरूण. बाधते ती ओल. रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून वाफ निघत असते. तिला वाट मिळाली नाही की पत्र्याला पाणी सुटतं, ते खाली अंथरलेल्या तुसावर टपकतं आणि ओल्या तुसातून अमोनिया उठतो. मग डोळ्यांना पाणी, शिंका, घुरघुर. त्याच ओलीत रक्ती हगवणही बळावते.

म्हणून माझा गोणपाटाचा पडदा जाळीच्या खालच्या कडेला पक्का बांधलेला असतो आणि दोरीने खालून वर ओढला जातो. वरची फूटभर जाळी रात्रीही उघडीच. वारा बसलेल्या कोंबडीच्या अंगावर येऊ नये, डोक्यावरून निघून जावा. ऊन आलं की पडदे पूर्ण खाली. पहाटे शेडमध्ये उकिडवं बसून कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. डोळे चुरचुरले तर पडदा आणखी चार बोटं खाली घ्या.

भाताचं तूस थंडीत 4 इंच तरी हवं आणि दर 2-3 दिवसांनी दुपारी खालीवर करायला हवं. मुठीत दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं. असं तूस, विशेषतः पाण्याच्या भांड्याखालचं, उचलून बाहेरच टाका. त्यावर चुना भुरभुरून भागवू नका. चुन्याने अमोनिया उलट जास्त सुटतो.

सकाळी पाणी कोमट द्या. गार पाणी कोंबडी कमी पिते आणि मग खातेही कमी. एरवी एका मोठ्या कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम खाद्य लागतं, थंडीत 10-15 ग्रॅम वाढवा. संध्याकाळी थोडा भरडलेला मका चालतो, पण पोट मक्यानेच भरलं तर प्रथिनं कमी पडून अंडी घटतात. अंडी घटण्याचं मोठं कारण मात्र उजेड. इथला दिवस या दिवसांत जेमतेम 11 तासांचा आणि अंड्यावरच्या कोंबडीला 14-16 तास लागतात. जादा दिवा पहाटेच लावा. रात्री तो अचानक विझवला तर कोंबड्या दांडीवर न चढता खालीच अंधारात राहतात.

पिल्लांचं गणित निराळं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी. थंडीत पिल्लामागे 2 वॉट धरा, म्हणजे 100 पिल्लांना 100 वॉटचे दोन जुने पिवळे बल्ब. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे. खालची गुदमरून मरतात. चोच उघडून कडेला पळाली तर जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून वाऱ्याची झुळूक येतेय, ती फट शोधा.

वीज गेली तर कोळशाची शेगडी बाहेर पेटवा, धूर पूर्ण संपून निखारे झाले की पत्र्याच्या झाकणासह आत न्या. तेव्हाही वरची फूटभर जाळी उघडीच ठेवा; निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.