चिंगीचे टाके आणि नागपूरचा एप्रिल

आमच्या कुत्रीची, चिंगीची नसबंदी मार्चच्या पहिल्या आठवड्यात उरकून घ्यावी, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी टाके निघतील, असा आमचा हिशेब होता. तिचा माज संपून अडीच महिने झाले होते, त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीनेही वेळ योग्य होती. हिशेब बिघडला तो रक्ततपासणीत. कुत्र्यांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारणपणे दोन लाखांच्या वर असायला हव्यात, चिंगीच्या निघाल्या बासष्ट हजार. तिच्या अंगावर गोचीड नाहीत, असे मी ठामपणे सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी काही न बोलता तिच्या पुढच्या पंजाची बोटे फाकवली आणि मधल्या खाचेतून मुगाच्या दाण्याएवढी फुगलेली गोचीड चिमट्याने काढून माझ्यासमोर धरली.

गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया या संसर्गात प्लेटलेट घटतात आणि अशा जनावराला टेबलावर घेतले तर रक्तस्राव आटोक्यात ठेवणे कठीण होते. कुत्री खाऊनपिऊन खेळत असताना रक्ततपासणीचा खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना मी आता तो अहवालच दाखवते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा 28 दिवसांचा कोर्स झाला. ही गोळी कोरडी दिली तर अन्ननलिकेला इजा करू शकते, म्हणून ती जेवणाबरोबर द्यायची आणि वर पाणी पाजायचे. दुसऱ्या तपासणीत प्लेटलेट पुरेशा भरल्या, तोवर एप्रिल उजाडला होता.

आदल्या रात्री दहानंतर अन्न बंद आणि सकाळी सहापर्यंत पाणी चालेल, अशी सूचना होती. भुलेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते, हे मी घरात सर्वांना समजावले, पण शेजारच्या काकूंना सांगायचे राहिले. पहाटे फाटकाशी त्या हातात बिस्किट घेऊन उभ्या दिसल्या. "बिचारी उपाशी जाईल का गं?" असे त्या विचारेपर्यंत मी चिंगीला उचलून आत आणले होते.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. चूक माझ्याकडून झाली ती घरी आणल्यावर. बाहेर 43 अंश तापमान होते, म्हणून मी तिची गादी नेहमीच्या जागी, खसच्या कूलरसमोर घातली. पंधरा मिनिटांत ती थडथड कापू लागली. भुलेनंतर शरीराला आपले तापमान सांभाळता येत नाही आणि पोटावरचे केस काढलेले असतात, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. त्यानंतर भर एप्रिलमध्ये, नागपूरच्या दुपारी, कूलर बंद करून आम्ही कुत्रीला गोधडी पांघरून बसलो होतो आणि स्वतः घामाने निथळत होतो. रात्री दर दोन तासांनी मी टॉर्चच्या उजेडात तिच्या हिरड्या पाहत होते. त्या गुलाबी असतील तर ठीक, पांढुरक्या पडल्या तर पोटात रक्तस्रावाची शंका घेऊन तसेच दवाखान्यात निघायचे, असे ठरलेले होते.

वेदनाशामक औषध मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेलेच द्यावे. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतू शकते.

गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॉलरला चिंगी फार कंटाळली. दाराच्या चौकटीवर ती आपटायची, पाण्याचे भांडे उलटायचे. तिसऱ्या दिवशी दया येऊन मी ती काढली आणि चहा गाळून येईस्तोवर तिने एक टाका चाटून ओला केला होता. तेव्हापासून कॉलर फक्त जेवताना, आणि तीही मी समोर बसलेली असतानाच निघाली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून टाक्यांना ताण बसू नये म्हणून स्वयंपाकघरापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या. दिवाणावर चढू नये म्हणून त्यावर खुर्च्या उलट्या ठेवल्या. जखमेचा फोटो रोज सकाळी त्याच उजेडात काढून ठेवल्यामुळे सूज उतरते आहे की वाढते आहे, याचा वाद घरात झाला नाही.

बाराव्या दिवशी टाके निघाले. घरी येताच ती थेट कूलरसमोर जाऊन पोट वर करून पडली. आता तो बंद करायचे कारण उरले नव्हते.