हिरागाना नोंद: ४६ अक्षरं हाताखालून गेली, आता मात्रा

हिरागाना या जपानी लिपीची मूळ ४६ अक्षरं न बघता लिहिता येतात. दोन टिंबं किंवा छोटा गोल लागून होणारी २५ वाचता येतात. छोटं या-यु-यो जोडून होणाऱ्या ३३ जोड्यांवर मात्र अजून अडखळायला होतं. इथवर आल्यावर एक गोष्ट स्पष्ट आहे: मराठी माणसाला जपानी उच्चार जवळजवळ आयते मिळतात, घोळ होतो तो लांबीत. म्हणून या नोंदीत मात्रांना, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेच्या मापाला, जास्त जागा दिली आहे. जपानी शब्दांचे शेवटचे इकार-उकार इथे मुद्दाम ऱ्हस्व ठेवलेत आणि स्वर लांबवायचा तिथे ऽ दिलाय.

तक्ता पाठ करायला घोकंपट्टी लागत नाही. आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा, शेवटी सुटा न्. संस्कृत वर्णविचार शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून हा क्रम लागला. 'सा'च्या जागी च आणि 'हा'च्या जागी प ठेवून म्हणा: क, च, त, न, प, म, य, र, व. आपलीच वर्णमाला! 'हा'चा उच्चार प्राचीन जपानीत 'पा'सारखा होता, म्हणून तो 'मा'शेजारी बसलाय. टिंबांचं गणितही यातच आहे. दोन टिंबं लागली की काचा गा, ताचा दा होतो. हाचा बा का होतो आणि गोल लावल्यावर पा का, हे मग वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

उच्चारांत आपली मोठी कमाई म्हणजे 'त्सु'. 'चूल', 'चूक' यांतला च म्हणा, झालं. 'चि' मात्र 'चिमटा'तला. 'ज़ा', 'ज़ु'साठी 'जाड', 'जुना' यांतला ज आहेच. त आणि द दातांवरचे. इंग्रजीच्या सवयीने ट-ड आणू नका, राजधानीचं नाव 'तोऽक्योऽ' आहे. 'फु' म्हणताना ओठ दातांना लागत नाहीत आणि एकमेकांवर मिटतही नाहीत. दिवा फुंकताना जेवढे जवळ येतात तेवढेच आणायचे.

सुटा न् तर आपला अनुस्वारच समजा. 'अंक', 'अंत', 'अंबा' यांत जसा तो पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो तसाच जपानीतही बदलतो: वर्तमानपत्र लिहायचं 'शिन्बुन', म्हणायचं 'शिंबुन'. पुढे स्वर आला की नाकातून सोडायचा, जीभ टाळूला टेकवायची नाही. 'किन्-एन्' म्हणजे धूम्रपानबंदी. जीभ टेकली की ते 'किनेन्' होतं, म्हणजे स्मरण.

लिहायला गणिताची चौकटीची वही घ्या. दोन बाय दोन अशा चार चौकटी मिळून एक अक्षर, म्हणजे मधली फुली आपोआप मिळते. आपला हात शिरोरेषेला अक्षर टांगायला सरावलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला सगळी अक्षरं वरच्या कडेला चिकटतात आणि खाली जागा मोकळी राहते. अक्षराचं पोट फुलीवर यायला हवं. एका बैठकीत एकच ओळ, पाच अक्षरं. आणि नवी ओळ घेण्याआधी आदली ओळ न बघता लिहायची. पहिल्या दोन ओळी झाल्या की लगेच शब्द लिहा: इए (घर), उए (वर), एकि (स्टेशन), आका (लाल), कोए (आवाज), इके (तळं). दहा अक्षरांत एवढं भांडवल पुरतं.

रेघांचा क्रम आणि रेघेचा शेवट, दोन्ही पाहा. शेवट तीन तऱ्हेचे: रेघ थांबवणं, आकडा मारणं, निसटती सोडणं. सारखी दिसणारी अक्षरं या शेवटांवरच ओळखू येतात. 'ने', 'रे' आणि 'वा' यांची डावी बाजू एकच. शेवटी गाठ आली तर ने, रेघ बाहेर निसटली तर रे, आत वळून थांबली तर वा. 'नु'ला शेवटी गाठ असते, 'मे'ला नसते. 'रु' आणि 'रो' यांचंही तसंच, गाठ 'रु'ला. 'हा'ची उभी रेघ आडव्या रेघेच्या वर डोकं काढते. 'हो'ला आडव्या रेघा दोन आणि उभी रेघ वरच्या आडव्या रेघेपासूनच सुरू होते. ही सारखेपणाची कारणं जुनी आहेत. हिरागाना चिनी अक्षरांच्या वळणदार लिखाणातून झिजत आली. 'मे' आली 'स्त्री' या अर्थाच्या अक्षरातून आणि 'नु' ज्या अक्षरातून आली त्याच्या डाव्या अंगाला तेच स्त्रीचं अक्षर बसलेलं आहे.

छापील 'कि' आणि 'सा' यांत खालची वाटी वरच्या रेघेला जोडलेली दिसते, हाताने लिहिताना ती सुटी असते: 'कि' चार रेघांत, 'सा' तीन रेघांत. छापील वळण गिरवू नका. नमुना नेहमी 'क्योऽकाशो-ताइ' या पाठ्यपुस्तकी वळणाचा घ्या.

आता मात्रा. शाळेत लघु-गुरू मोजलेत ना, तेच इथे कामाला येतं. सुट्या न् ची एक मात्रा. जोडाक्षराआधी जो क्षणभर थांबा येतो त्याची एक मात्रा. तिथे छोटं त्सु लिहितात. 'किते' (या) दोन मात्रांचं, 'कित्ते' (टपाल तिकीट) तीन मात्रांचं. 'पत्ता', 'कट्टा' म्हणणाऱ्या जिभेला यात काही अवघड नाही. फरक एकच, पण मोठा: आपल्या छंदात आ, ए, ओ कायम गुरू, जपानीत ते लघु आहेत. 'साकुरा'त तीनच मात्रा, आपल्या हिशेबाने पाच झाल्या असत्या. त्यात मराठी शुद्धलेखन शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ करतं, म्हणून आपण 'सुशी', 'त्सुनामी' म्हणतो. जपानी कानाला तिथे एक मात्रा जास्त ऐकू येते.

याची किंमत छोटी नाही. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'युकि' म्हणजे बर्फ, 'युऽकि' म्हणजे धैर्य. सराव बोटांच्या पेरांवर करा, एका मात्रेला एक पेर: ओ-बा-सा-न् चार, ओ-बा-आ-सा-न् पाच, को-न्-नि-चि-वा (नमस्कार) पाच, तो-ओ-क्यो-ओ चार. अंगठ्याची गती एकसारखी हवी. न् वर घाई झाली की शब्द बिघडलाच. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'देसु', 'मासु' यांतला शेवटचा उ जवळजवळ ऐकू येत नाही, 'देस्', 'मास्' असं वाटतं, पण पेर त्याचंही धरायचं.

लिहिताना लांब ओ बहुधा 'उ' जोडून लिहितात: 'आरिगातोऽ'च्या (धन्यवाद) शेवटी तो आणि उ. मोठं या अर्थाच्या 'ओऽकिइ' आणि दूर या अर्थाच्या 'तोऽइ' या शब्दांत मात्र 'ओ'च जोडतात. हे पाठच करावे लागतात. तीन अव्ययं लिहायची एक आणि वाचायची दुसरी: 'हा' लिहून 'वा', 'हे' लिहून 'ए', 'वो' लिहून 'ओ'. 'कोन्निचिवा'चा शेवटचा 'वा'ही लिहायचा 'हा'. फोनवर रोमन कळांनी टाइप करताना याच शब्दाला एन तीनदा दाबा, दोन सुट्या न् साठी आणि एक 'नि'साठी. दोनदाच दाबला तर 'को-न्-इ' होतं.

वाक्यं निवडताना दिवसात खरंच तोंडी येणारी आधी घेतली. 'सुमिमासेन्' सगळ्यात कामाचं: वाट मागायला, वेटरला हाक मारायला, धक्का लागल्यावर, कुणी तसदी घेतली तर आभारालाही. 'कोरे वा इकुरा देसु का' (हे केवढ्याला), 'तोइरे वा दोको देसु का' (शौचालय कुठे), 'कोरे ओ कुदासाइ' (हे द्या), 'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमासु' (पुन्हा एकदा सांगाल का). घरातून निघताना 'इत्तेकिमासु', म्हणजे थेट आपलं 'जाऊन येतो', त्यावर घरचे 'इत्तेराश्शाइ' म्हणतात. काम पुरं झाल्यावरच्या आभाराला 'आरिगातोऽ'पुढे 'गोज़ाइमासु'ऐवजी 'गोज़ाइमाशिता' लावतात, आणि नावापुढचं आदराचं 'सान' (आपल्या 'जी'सारखं) स्वतःच्या नावाला कधीच लावत नाहीत. दुकानात 'इराश्शाइमासे' (या, स्वागत) ऐकू आलं तर उत्तर द्यावं लागत नाही, हसून मान लववली तरी पुरते. जपानमध्ये जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून गल्ल्यावर पिशवी हवी का विचारतात. नको असेल तर 'दाइजोऽबु देसु' (राहू द्या, चालेल).

पुढची फेरी जोड्यांची. छोटं 'यो' आधीच्या अक्षराच्या निम्मं आणि आडव्या ओळीत खालच्या डाव्या चौकटीत बसवायचं. चार चौकटींचं अक्षर आणि एका चौकटीचं 'यो' असं वहीत लिहिलं की डोळ्याला सवय होते. जोडीची मात्रा एकच. सरावाला 'ब्योऽइन्' आणि 'बियोऽइन्' ही जोडी घेतली आहे. पहिलं चार पेरांचं, दुसरं पाच; पहिलं हॉस्पिटल, दुसरं ब्यूटी पार्लर.